करंजटेंबचा नऊ नंबर

आमच्या ऑफिसात कंटेनर म्हटलं की खालच्या चहावाल्याला हायवेवर आडवा झालेला ट्रक आठवतो. त्यात त्याची चूक नाही, महाडात राहणाऱ्याला दुसरं काय आठवणार? आमचे कंटेनर डोळ्यांना दिसत नाहीत. एकाच यंत्राच्या पोटात अकरा बंद खोल्या केल्यात, आणि एकेका खोलीत एकेका वाडीचा कारभार चालतो. डोंगर किती कलला ते वाचणारा एक प्रोग्रॅम, पाऊस मोजणारा एक, आणि वेळ आली तर वाडीतला भोंगा वाजवणारा एक. अकराही वाड्या पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या, दरडीखालच्या. एका खोलीत घोळ झाला तर दुसरीला झळ लागू नये म्हणून ही सोय. सोय मी केली. मी दीक्षा, या ऑफिसातली एकुलती एक कॉम्प्युटर इंजिनीअर. दुसरे अरविंद सर, ते संस्था चालवतात आणि माझ्यावर विश्वास ठेवतात.

खोलीतल्या प्रत्येक प्रोग्रॅमला नंबर असतो. आत मोजणी एकपासून सुरू होते, मधले नंबर किरकोळ कामांना जातात आणि क्रम सगळीकडे तोच, त्यामुळे अकराही खोल्यांत भोंग्याचा नंबर नऊच. प्रत्येक वाडीत घर नंबर एक असतंच की, आणि त्या घरातल्याला वाटतं अख्ख्या तालुक्यात नंबर एक आपणच. बाहेरून, म्हणजे सगळ्या यंत्राच्या दृष्टीनं, त्याच भोंग्याला वेगळा नंबर असतो. करंजटेंबचा आतला नऊ म्हणजे बाहेरचा एकवीस हजार चारशे सात. बाहेर उभं राहून "नऊ जिवंत आहे का" असं विचारलं तर यंत्र भलत्याच कुणाची खबर देतं. म्हणून आधी विचारायचं, या खोलीतला नऊ बाहेर कुठला? यंत्र बिनचूक सांगतं.

मी विचारलं, अकरा उत्तरं एका फाइलीत उतरवून ठेवली, आणि एक पहारेकरी प्रोग्रॅम लिहिला. तो दर मिनिटाला त्या अकरा नंबरांना टिचकी मारून बघतो आणि पडद्यावर अकरा हिरवे दिवे लावतो.

विचारलं ते एकदाच. ही माझी चूक. इथंच सांगून टाकते, नाहीतर म्हणाल बयेनं शेवटपर्यंत लपवलं. अरविंद सरांनी तेव्हा विचारलं होतं, "नंबर बदलले तर?" मी म्हटलं, "मेल्याशिवाय बदलत नाहीत सर. आणि मेला तर दिवा लाल होईल." शहाणपणा माझ्या अंगात लहानपणापासून जरा जास्तच आहे.

करंजटेंब उमरठच्याही वर. आठ माणसं उरलीत तिथं, सगळी साठीपुढची. बाकीची मुंबईला नाहीतर बिरवाडीला. गेल्या वर्षी मे महिन्यात भोंग्याची पेटी बसवायला गेलो तेव्हा महिपतबाबांनी ती सांभाळायचं कबूल केलं. सडपातळ, पाठीत थोडा वाकलेला माणूस. माझं सगळं समजावून झाल्यावर त्यांनी पेटीकडे पाहत विचारलं, "गो पोरी, ह्यो भोंगा मला उठवंल, ह्ये समजला. पन मी उठलो, ह्ये तुला कोन सांगंल?"

मी पेटीचं झाकण लावलं. मग त्यांनीच तोड काढली. भोंगा रोज संध्याकाळी पावणेसातला दोन सेकंद वाजवून बघायचा, ही आमची चाचणी. तो ऐकला की बाबांनी मला सातला मिस कॉल द्यायचा. एक रिंग म्हणजे ऐकला. वाडीत फोनला रेंज नाही, आमची पेटी उपग्रहावरून बोलते. वाडीच्या टोकाला, उताराच्या कडेला एक मोठा धोंडा आहे, त्यावर उभं राहिलं तर दोन काड्या येतात. त्याला ते रेंजचा धोंडाच म्हणतात. "तू उचलू नको," मी म्हणायच्या आधी तेच म्हणाले, "पावसात मी तितं थांबनार नाय." फोन जुना, बटणांचा, घरात एकच. माझं नाव त्यांना यादीत सापडायचं नाही, म्हणून त्यांनी माझे दहा आकडे पाढ्यासारखे पाठ केले आणि माझ्यासमोर तीनदा म्हणून दाखवले. मी त्यांचा नंबर "महिपत करंजटेंब" म्हणून ठेवला.

वर्षभर तो मिस कॉल चुकला नाही. सातला रिंग, लगेच कट, मी वहीत खूण करायची. पडद्यावर हिरवा दिवा आणि वहीत खूण, असे दोन साक्षीदार. इतकी निर्धास्त मी कधी नव्हते.

या जुलैत पोलादपूरकडे पाऊस धरून बसला तो हलेना. महाडच्या बाजारात दुकानदारांनी माल वरच्या फळ्यांवर चढवला. आमचं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर, त्यामुळे सावित्री नदीच्या पुराची आम्हाला काळजी नव्हती. काळजी वरची होती. रविवारी मी पहारेकरी प्रोग्रॅम सकाळपासून संध्याकाळपर्यंत बंद ठेवला, त्याला नवीन पान जोडायचं होतं. साडेसहाला परत चालू केला. अकरा हिरवे दिवे लागले आणि सातला मिस कॉल आला. मी खूण केली.

सोमवारी एक आला. मंगळवारी दोन आले, सातला एक आणि सात वाजून दोन मिनिटांनी दुसरा. मला हसू आलं. बाबांचं ओलं बोट घसरलं असेल. बुधवारीही दोन आले. मी अरविंद सरांना म्हटलं, "बाबा हल्ली व्याजासकट देतायत." वहीत मी एकच खूण केली, कारण रकाना एकाच खुणेचा होता.

गुरुवारी दुपारपासून करंजटेंबचा कल वाढायला लागला. रोज केसभर सरकणारा आकडा तासाला बोटभर सरकत होता. पाच वाजता त्यानं धोक्याची पहिली खूण ओलांडली. पहिल्या खुणेला भोंग्यानं आपोआप तीन तुकडे वाजवायचे, म्हणजे माणसांनी औषधं, बॅटरी, कांबळी घेऊन तयार व्हायचं. दुसऱ्या खुणेला लांब वाजवायचं, म्हणजे उठून वरच्या देवळात जायचं. देऊळ कातळावर आहे, तिथं धोका नाही.

"वाजला असेल ना?" अरविंद सरांनी विचारलं.

"नऊ नंबर जिवंत आहे सर," मी म्हटलं आणि दिव्यावर बोट ठेवलं.

पण एक गोष्ट डोक्यातून जात नव्हती. दोन मिस कॉल. माझी आई भाजी आणायला गेली आणि पैसे कमी पडले की काय करते? मिस कॉल देते. मी नाही उचलला की दुसरा देते. दुसऱ्याचा अर्थ एकच, फोन कर गो. अख्ख्या जिल्ह्याला ठाऊक आहे हे. मीच आमचा नियम इतका घट्ट धरून बसले होते की दोन दिवस तो अर्थ माझ्या डोक्याच्या दारात उभा होता आणि मी त्याला आत घेतलं नव्हतं.

सहा वाजता मी नियम मोडून महिपतबाबांच्या नंबरला फोन लावला. रिंग गेली. तिथंच घोळ होता, कारण करंजटेंबात फोन वाजत नाही. धोंड्यावर कुणी उभं नसेल तर 'संपर्क क्षेत्राबाहेर' असंच ऐकू यायला हवं. तिसऱ्या रिंगला फोन उचलला गेला. मागे कुकरची शिट्टी आणि टीव्हीवरचा मालिकेचा आवाज.

"कोन हाय?" बाईचा आवाज. महिपतबाबांची बायको, ठमाबाई. मे महिन्यात तिनं आम्हाला फणसाची भाजी वाढली होती.

"आजी, मी दीक्षा, महाडहून. तुम्ही कुठे आहात?"

"बिरवाडीला हाय गो, लेकीकडं. डोळ्याचा आपरेशन झाला नाय का माझा. आज अकरा दिस झालं."

"आणि बाबा?"

"ते वरतीच. घर टाकून कसं येनार?"

"मग फोन?"

"फोन माझ्याकडंच दिला त्यांनी. डाक्टरकडं लागंल म्हनले. पन सांगून ठेवलंय, सातला त्या पोरीला रिंग द्यायची, चुकवायची नाय, ती वाट बघती. मी येक दिस चुकवला नाय बघ." तिच्या आवाजात अभिमान होता. "परवाच्याला मुरारी खाली आलता, शेजारी आमचा, लगीच वर गेला परत. त्याच्याकडं त्यांनी निरोप धाडलाय, भोंगा रविवारपासनं वरडत नाय, महाडच्या पोरीला सांग. मंग मी दोन दोन रिंगा दिल्या. तू काय फोन केला नायस."

मी तिला म्हटलं, आजी, असाल तशा रिक्षा करून आमच्या ऑफिसात या. तिला का बोलावलं ते मला आजही नीट सांगता येत नाही. एकटीनं हे ऐकायची मला भीती वाटली असावी.

फोन ठेवून मी करंजटेंबच्या खोलीत आतून डोकावले. पहारेकऱ्याला विचारलं नाही, स्वतः आत जाऊन यादी काढली. एक नंबरवाला होता. कल वाचणारा होता, पाऊस मोजणारा होता. नऊ नव्हता.

मग बाहेर येऊन विचारलं, एकवीस हजार चारशे सात कोण? उत्तर आलं, शेजारच्या वाडीच्या खोलीतला पाऊस मोजणारा.

काय झालं ते समजायला मला दोन मिनिटं लागली आणि ती दोन मिनिटं मी आयुष्यात विसरणार नाही. रविवारी दुपारी यंत्राची मेमरी कमी पडली होती. अशा वेळी यंत्र स्वतःच कुणाचा तरी बळी देतं, त्यानं करंजटेंबचा भोंगा मारला. शेजारच्या वाडीचा पाऊस मोजणाराही मारला, पण तो परत उठला, कारण त्याला परत उठवायची व्यवस्था मी केली होती. भोंग्याला केली नव्हती. तो कधी मरेल असं मला वाटलंच नव्हतं. यंत्र दिवसभर नंबर वाटत असतं, बत्तीस हजारांवर पोचलं की पुन्हा खालून सुरू करतं, आणि मेलेल्याचा रिकामा नंबर समोर आला की तोच नव्याला देतं. उठलेल्या पाऊसवाल्याला मिळाला एकवीस हजार चारशे सात. संध्याकाळी माझा पहारेकरी जागा झाला, त्यानं फाइल उघडली, त्या नंबराला टिचकी मारली. आतून कुणीतरी ओ दिली. कोण ओ देतंय हे विचारायला मी त्याला शिकवलंच नव्हतं.

आणि मी तरी काय वेगळं केलं? "महिपत करंजटेंब" असं पडद्यावर उमटलं की मी खूण करत होते. अकरा दिवस.

सहा वाजून बारा मिनिटांनी मी भोंगा हातानं सुरू केला. कलानं दुसरी खूण तोवर ओलांडलीच होती, म्हणून थेट लांब वाजवला. पेटीकडून उत्तर आलं, भोंगा वीज ओढतोय. म्हणजे वर वाजत होता. अरविंद सर एका फोनवर तालुक्याच्या कंट्रोल रूमशी आणि दुसऱ्यावर उमरठच्या माणसांशी बोलत होते. उमरठहून उत्तर आलं, मधला ओढा कमरेच्या वर आहे, आत्ता कुणी चढू शकत नाही. मग आमच्या हातात करण्यासारखं काहीच उरलं नाही. वर भोंगा वाजत होता आणि आमच्या खोलीत पंख्याचा आवाज येत होता.

साडेसहाला ठमाबाई आली. एका डोळ्यावर हिरवा पडदा, पदर भिजलेला, फोन प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून छातीशी धरलेला. अरविंद सरांनी तिला खुर्ची दिली, ती भिंतीशी खालीच बसली.

"वरडतोय का आता?" तिनं विचारलं.

"वाजतोय आजी. अठरा मिनिटं झाली."

"मंग जातील देवळात. आयकतात ते." ती म्हणाली. "माझा नाय आयकत, भोंग्याचा आयकतील."

सहा अडतीसला माझ्या फोनवर एक रिंग झाली आणि थांबली. अनोळखी नंबर. क्रेडिट कार्डवाल्या मुली अशाच वेळी टपकतात. मी फोन पालथा घातला. माझे डोळे कलाच्या आकड्यावर होते.

सहा एक्केचाळीसला आकडा थांबला. कल थांबला, पाऊस थांबला, भोंग्याची वीज शून्य झाली. अरविंद सर पुढे वाकले. "बरं झालं का? स्थिर झाला?" मी मान हलवली. स्थिर झालेला आकडा तोच तोच येत राहतो. हा येतच नव्हता. तिकडून बोलायला कुणी उरलं नव्हतं. पडद्यावर मात्र अकराही दिवे हिरवे होते, कारण प्रोग्रॅम सगळे जिवंत होते, इथे महाडात, कोरड्या खोलीत.

ठमाबाईला मी सांगितलं नाही. तिनं विचारलंही नाही. भिंतीवरच्या घड्याळाकडे एका डोळ्यानं बघत बसली होती. सात वाजले तशी तिनं पिशवी सोडली, फोन बाहेर काढला, बटणं चाचपली. माझ्या टेबलावर फोन थरथरला. मी तो सुलटा केला. महिपत करंजटेंब.

एक रिंग झाली. तिनं कट केलं आणि फोन परत पिशवीत गुंडाळायला लागली. "त्यांनी सांगितलंय, चुकवायचं नाय," ती म्हणाली, जणू मी काही हरकत घेतली होती.

माझ्या फोनच्या पडद्यावर आता आलेल्या दोन्ही मिस कॉलची यादी होती. वर महिपत करंजटेंब, सात. त्याच्या खाली तो अनोळखी नंबर, सहा अडतीस. एक रिंग. मी ते दहा आकडे दोनदा वाचले. माझ्या फोनला ते कोण हे ठाऊक नव्हतं. मग मी ठमाबाईकडून तिचा फोन मागून घेतला, तेच दहा आकडे एकेक करून दाबले आणि लावला. बटणांच्या फोनच्या त्या छोट्या पडद्यावर नाव आलं, मुरारी.

रिंग गेली नाही. संपर्क क्षेत्राबाहेर.

"मुरारीला कशाला लावतीस?" ठमाबाई म्हणाली. मग तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि तिचा हात जमिनीवर टेकला. "त्यांनी दिली का रिंग? मुरारीच्या फोनवरनं?"

"हो आजी."

"मंजी धोंड्यावर हायत," ती म्हणाली. सोबत बसलेल्या माणसाला कळतं तसं मला कळलं की तिलाही कळलंय.

दुसऱ्या दिवशी दुपारी ओढा उतरला आणि माणसं वर पोचली. देवळात सहा जण होते, थंडीनं काकडलेले, पण धडधाकट. खाली पाच घरं उरली नव्हती. मुरारीनं अरविंद सरांना सांगितलं ते सरांनी मला तसंच्या तसं सांगितलं. भोंगा वाजला तसं महिपतनं दारोदार फिरून सगळ्यांना बाहेर काढलं, काठी धरून देवळाच्या वाटेला लावलं. मग मुरारीचा फोन मागितला. मुरारी म्हणाला, कशाला, चल वरती. तर म्हणाला, "पाच दिसांनी वरडलाय. पोरगी वाट बघत असंल. येक रिंग देतो नि आलोच."

तो धोंडा आता तिथं नाही.

तीन मिनिटं होती. सहा अडतीस ते सहा एक्केचाळीस. मी उचलला असता तर म्हटलं असतं, बाबा, पळा तिथून. पण उचलायचं नाही असं आमचं ठरलं होतं, आणि त्या दिवशी तर मी तो नंबर ओळखलाही नाही. ज्या नंबराला ओळखत होते त्याच्यावर अकरा दिवस आंधळा विश्वास ठेवला, आणि ज्याच्यावर माणूस होता तो पालथा घातला. लोक म्हणतात, दीक्षा, तुझ्या भोंग्यानं सहा जीव वाचवले. म्हणोत. मला सातवाच दिसतो.

पहारेकरी मी नव्यानं लिहिला. आता तो काही उतरवून ठेवत नाही. दर मिनिटाला प्रत्येक खोलीत जाऊन विचारतो, तुझा नऊ कोण, बाहेर त्याचा नंबर काय, आणि तो कधी जन्मला. पहिल्याच दिवशी हे लिहायला मला अर्धा तास पुरला असता. पडद्यावर आता दहा दिवे आहेत.

ठमाबाई बिरवाडीलाच राहिली, लेकीकडं. सातला तिचा मिस कॉल अजून येतो. पहिले काही दिवस मी तो वाजू दिला. मग एकदा उचलला, तेव्हापासून रोज उचलते. ती विचारते, "वाजला का गो आज?" मी सांगते, दहाही वाजले आजी. ती म्हणते, "मंग बरं," आणि ठेवते. माझ्या फोनवर तिचं नाव अजून महिपत करंजटेंब असंच येतं.